विरोधकाचे वेतन

ज्या खजिन्यातून मंत्र्याला वेतन पोहोचते, त्याच खजिन्यातून त्या मंत्र्याला पदावरून दूर सारण्याचा उद्योग अहर्निश करणाऱ्या गृहस्थालाही वेतन मिळावे, ही व्यवस्था आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले नवल आपल्याला जाणवेनासे झाले आहे. पेशवाईच्या दफ्तरांत डोकावून पाहिले, तर धन्याच्या मर्जीविरुद्ध चार असामी एके ठिकाणी बसून मसलत करू लागल्या की त्या बसण्याला बहुधा ‘फितुरी’ हेच नाव पडे. आणि फितुरीला पारिपत्य ठरलेले असे, मुशाहिरा नव्हे. विरोध आणि द्रोह हे दोन निराळे पदार्थ आहेत, ही जाणीव मनुष्यजातीला फार उशिरा झाली, आणि निवडणुकीच्या शोधाइतकाच, किंबहुना त्याहूनही दुर्घट, असा हा शोध आहे असे मला वाटते.

इंग्लंडातही आरंभी याहून निराळा प्रकार नव्हता. 1712 साली प्रतिपक्षाच्या हाती अधिकार असता रॉबर्ट वॉलपोल याला लाचलुचपतीच्या आरोपावरून लंडनच्या टॉवरमध्ये डांबण्यात आले. पुढे पारडे फिरले, तेव्हा 1715 साली रॉबर्ट हार्ली हा मावळता मुख्य मंत्री त्याच टॉवरमध्ये जाऊन पडला, तो दोन वर्षे तेथेच होता, आणि त्याचा सहकारी बोलिंगब्रोक जीव घेऊन फ्रान्सला पळाला. अधिकार गेला की मागोमाग बंदिवास, असा तो काळ होता. परंतु हाच वॉलपोल एकवीस वर्षे राज्यकारभार हाकून 1742 साली पदच्युत झाला, तेव्हा त्याच्या कारभाराची चौकशी झाली खरी, पण त्याला ना कैद झाली, ना देशत्याग करावा लागला. सरदारकी स्वीकारून तो वरिष्ठ सभागृहात जाऊन बसला. पराभूत मंत्र्याने सुखरूप घरी जावे, या साध्या गोष्टीत मला या कुळकथेचे खरे बीज दिसते. राजा स्थिर आणि मंत्री अस्थिर, असा भेद एकदा लोकांच्या मनात रुजला म्हणजे मंत्र्याला विरोध करणारा राजाचा वैरी ठरत नाही.

बीजाला नाव मिळाले ते मात्र सहज बोलण्याच्या ओघात. 10 एप्रिल 1826 रोजी कॉमन्स सभागृहात व्यापार मंडळाच्या अध्यक्षाच्या वेतनाचा प्रश्न निघाला असता, जॉन कॅम हॉबहाउस या सदस्याने ‘राजेसाहेबांचे मंत्री’ या रूढ पदाला जोडूनच ‘राजेसाहेबांचा विरोधी पक्ष’ असा शब्दप्रयोग केला. सभागृह हसले, पण जॉर्ज टिअर्नी या वृद्ध विरोधकाने तो शब्द तत्काळ उचलून धरला आणि आपणही एका अर्थी राजेसाहेबांच्या शासनाचीच एक शाखा आहोत, असे प्रतिपादन केले. हा हॉबहाउस कवी बायरनचा जिवलग मित्र. एका पत्रकाबद्दल याच सभागृहाने सात वर्षांपूर्वी त्याला न्यूगेटच्या तुरुंगात धाडले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शब्दाचे वजन कळते.

येथे थोडे आडवाटेला जाणे मला अपरिहार्य वाटते. हाच हॉबहाउस पुढे अधिकारारूढ होऊन हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष झाला, आणि 1839 साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले ते त्याच्याच अमदानीत. महाराजांचे वकील रंगो बापूजी यांनी त्यानंतर दीर्घकाळ लंडनमध्ये राहून दाद मागितली, जोसेफ ह्यूम यांच्यासारख्या सदस्यांनी त्यांची कैफियत सभागृहात मांडली, तरी राज्य अखेर खालसा झाले. ज्याने विरोधाला राजमान्य नाव दिले, त्याच्याच कारकिर्दीत साताऱ्याच्या विरोधाला कोठेही थारा मिळाला नाही, ही गोष्ट मराठी वाचकाला बोचल्यावाचून कशी राहील?

विरोधी पक्षनेत्याचे पद सर्व लोकशाही देशांत आढळते असेही नाही. अमेरिकेत 1801 साली अ‍ॅडम्स यांच्या हातून जेफरसन यांच्या हाती अधिकार शांततेने गेला, परंतु अध्यक्ष तेथे काँग्रेसचा सदस्यच नसल्यामुळे त्याच्या समोरच्या बाकावर बसणारा एकच एक प्रतिस्पर्धी असू शकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1959 पासून सात जणांचे मंत्रिमंडळ चार मोठ्या पक्षांत वाटून घेण्याची प्रथा पडली, तेव्हा विरोधाचे काम जनतेकडेच गेले: शंभर दिवसांत पन्नास हजार स्वाक्षऱ्या गोळा केल्या की संसदेने केलेला कायदा लोकमताला लावता येतो. पश्चिम जर्मनीच्या 1949 च्या मूलभूत कायद्याने तर असे ठरविले की चान्सेलरचा उत्तराधिकारी आधी निवडा, मगच त्याला काढा.

वेतनाची कल्पना प्रथम अमलात आणली ती कॅनडाने. 1905 साली तेथे विरोधी नेते रॉबर्ट बोर्डन यांना मंत्र्याइतके वेतन मिळू लागले. ब्रिटनने हे पाऊल 1937 च्या कायद्याने उचलले आणि मजूर पक्षाचे क्लेमंट अ‍ॅटली यांना सालीना 2,000 पौंड ठरले. ज्या शब्दाचा जन्म मंत्र्याच्या वेतनाच्या वादात झाला होता, त्याला स्वतःचे वेतन मिळायला अशी 111 वर्षे लागली. पुढे 1940 साली अ‍ॅटली स्वतःच युद्धकालीन मंत्रिमंडळात गेले, विरोधक असे फारसे कोणी उरलेच नाहीत. तरीही सभागृहाने ते आसन रिकामे ठेवले नाही. मंत्रिमंडळाबाहेरचा मजूर पक्षाचा एक ज्येष्ठ सदस्य त्या जागी बसून रिवाजाप्रमाणे प्रश्न विचारीत राहिला, आणि पुढे त्रिमंत्री शिष्टमंडळाबरोबर आपल्याकडे आलेले पेथिक-लॉरेन्स यांनीही काही काळ ते काम पाहिले. बॉम्बवर्षावात जपलेल्या या रिवाजाविषयी मला मनःपूर्वक आदर वाटतो.

आपल्या लोकसभेत पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांनी पक्षाच्या मान्यतेसाठी एक-दशांश सदस्यांचा दंडक घातला, आणि 1969 साली काँग्रेस दुभंगेपर्यंत कोणताही विरोधी पक्ष तेथवर पोहोचू शकला नाही. त्या वर्षी राम सुभग सिंह हे पहिले मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेते झाले. त्यांच्यासाठी वेतनाचा कायदा मात्र नव्हता. तो जनता पक्षाच्या राजवटीत 1977 साली झाला आणि 1 नोव्हेंबरपासून अमलात आला. आणीबाणीत ज्यांच्यापैकी अनेकांनी कारावास भोगला होता, त्यांनीच, त्या वेळी सत्तेत असलेल्या पक्षाच्या नेत्याला, राज्याच्या खजिन्यातून वेतन बांधून दिले. लोकसभेत तो नेता त्या दिवशी होता यशवंतराव चव्हाण. आणि त्यांचा मतदारसंघ होता सातारा.