पाण्याची पारख

आपल्याकडे पाण्याला जितकी विशेषणे आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या पदार्थाला असतील. गोडे पाणी, मचूळ पाणी, खारे, जड, हलके, शिळे. परगावी गेलेला मनुष्य आठवड्याभरात अंथरुणाला खिळला, की घरातील वडीलधारी मंडळी ‘पाणी बाधले’ एवढे निदान करून मोकळी होत. पाण्याची परीक्षा करण्याची रीतही ठरलेली होती. ज्या आडाच्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजे ते पाणी उत्तम. ज्यात दाणा टणक राही ते केवळ धुण्याभांड्याचे. ही परीक्षा काही खोटी नव्हे. पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असले, की डाळ शिजण्यास वेळ लागतो, हे कोणताही रसायनशास्त्रज्ञ सांगेल. फक्त तिच्यात एक उणेपण होते. डाळ शिजवणारे पाणी माणसाला मारणार नाही, अशी हमी ती देत नव्हती.

हे सगळे आठवण्याचे कारण धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर हे गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक निजलेले असताना, जो भूकंप झाला त्यात सास्तूरची दगडमातीची घरे माणसांसकट खाली बसली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत मिळून ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. घरे नवी बांधता येतात, रस्तेही रुंद आखता येतात. पण कोणत्या विहिरीचे पाणी पिण्याचे, कोणत्या आडाकडे पावसाळ्यात फिरकायचे नाही, कोणती बारव उन्हाळ्यात दगा देते, हे पिढ्यांनी गोळा केलेले ज्ञान जुन्या पांढरीवरच राहते. नव्या गावात पाणी नळीतून येते, आणि नळाला ना नाव, ना स्वभाव. मोठ्या शहरांपुढे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी जो प्रश्न सावकाश उभा राहिला, तो अशा गावांपुढे एका पहाटेत येऊन उभा राहिला: हे पाणी पिण्याजोगे आहे असे म्हणतो कोण, आणि त्याला ते कळले कसे?

जुन्या ज्ञानाची थोरवी मात्र वाजवीपेक्षा अधिक गाऊ नये. मराठवाड्यातल्या पायऱ्यांच्या बारवा पाहावयास सुंदर, पाणी थंडगार आणि जिभेला गोड. त्याच पाण्याने नारू दिला. ज्याच्या पायाला नारूचे तोंड फुटले आहे असा मनुष्य पायरी उतरून पाण्यात पाय टाकी, नारूची पिल्ले पाण्यात सुटत, त्यांना ‘सायक्लॉप्स’ नावाचा इवलासा जलजीव गिळी, आणि तो जीव घागरीतून घराघरांत जाई. पुढे सुमारे वर्षभराने हातभर नव्हे, दोन-दोन हात लांबीचा जंत पायातून बाहेर येऊ लागे. मग तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावयाचा, तुटला तर पाय सुजून मनुष्य कामातून जावयाचा. रशियन शास्त्रज्ञ फेडचेन्को ह्याने १८७० च्या सुमारास हे कोडे उलगडले. उपाय इतका साधा होता की हसू यावे: पाणी दाट कापडातून गाळून घ्या आणि पायऱ्यांची विहीर बंद करा. तरीही देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र २००० साली मिळाले.

मौज अशी की, ‘वस्त्रगाळ पाणी’ हा आपल्या आज्यांचा आग्रह अगदी अलीकडे पुन्हा विज्ञानाच्या दरबारात गेला. बांगलादेशात रीटा कॉलवेल ह्या अमेरिकन विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या चार-आठ घड्या करून त्यातून नदीतळ्याचे पाणी गाळावयास लावले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याने म्हणजे कमी नव्हे. पण उरलेल्या निम्म्यांचे काय?

शुद्धतेचा आणखी एक अर्थ आपल्या समाजात होता, आणि त्याने पाण्याची पारख शतकानुशतके भलतीकडे नेली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे हजारो अनुयायी प्याले, तेव्हा सनातन्यांनी दूध, दही, शेण, गोमूत्र ह्यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. ज्या पाण्यावर जनावरांना मज्जाव नव्हता ते माणसाच्या ओंजळीने बाटले, आणि शेणाने पवित्र झाले! शहरांत नळ आले तेव्हाही पहिली हरकत निघाली ती तोटीतल्या चामड्याच्या चकतीवरून. सोवळ्याला नळाचे पाणी चालेना. पाण्यात काय आहे हा प्रश्न बाजूस राहिला, ते कोणी शिवले हीच चौकशी चालली.

मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० साली आले. त्यापूर्वी शहर विहिरींवर आणि तळ्यांवर जगत असे, आणि पर्जन्याने दगा दिला की हाल कुत्रा खात नसे. हेन्री कॉनिबेअर ह्या अभियंत्याच्या योजनेमुळे दूरच्या डोंगरातले पाणी आपल्या उताराने शहरात उतरले. मग १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा. पाण्याबद्दलचा विचार असा होता: वस्तीपासून दूर, डोंगरातले, म्हणून चांगले. विचार वावगा नव्हता. परंतु तो उगमापुरता होता. तलावापासून तोटीपर्यंतच्या वाटेत पाण्याचे काय होते, हे पाहण्याचे साधन अजून हाती आले नव्हते.

ते साधन कसे आले, ह्याची कथा जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात घडली आणि ती एखाद्या गोष्टीच्या पुस्तकात शोभावी अशी आहे. १८८४ साली कलकत्त्यात, तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवून रॉबर्ट कॉख स्वदेशी परतला होता. पुष्कळ मोठी माणसे तरीही मानावयास तयार नव्हती. मग १८९२ साली हॅम्बुर्गला पटकी लागली. काही आठवड्यांत साडेआठ हजारांवर माणसे गेली. हॅम्बुर्गला अगदी खेटून आल्टोना नावाचे गाव. सीमा म्हणजे एक रस्ता. हवा तीच, माती तीच, माणसेही तीच. दोन्ही गावे एल्ब नदीचेच पाणी पीत. इतकेच नव्हे तर आल्टोना ते पाणी घेई हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सारी घाण मिसळल्यावर. तरीही रस्त्याच्या एका अंगाला तिरड्या उठत होत्या आणि दुसऱ्या अंगाला जवळजवळ शांतता होती. फरक एवढाच की आल्टोना आपले पाणी वाळूच्या थरांतून सावकाश गाळून घेत असे. हॅम्बुर्ग तसेच नळांत सोडी. हॅम्बुर्गच्या हद्दीत एक मोठा वाडा होता, त्याला नळ मात्र आल्टोनाचा. त्या वाड्यात कोणी आजारी पडले नाही.

म्युनिकच्या वृद्ध पेटेनकोफरला हेही पटले नाही. त्याने पटकीच्या जंतूंचे द्रव आणवून घेतले आणि ७ ऑक्टोबर १८९२ रोजी ते पिऊन टाकले. थोडा अतिसार झाला, पण गडी वाचला. विद्वानांचा हट्ट म्हणतात तो असा! कॉखने मात्र ह्या साथीतून एक आकडा काढला: गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरात शंभराहून अधिक जंतू नसावेत. पाण्याची पारख जिभेवरून आणि डाळीवरून उठून काचेच्या बशीवर येऊन बसली. पुढे आणखी एक युक्ती सुचली. प्रत्येक रोगाचा जंतू शोधत बसण्यापेक्षा माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहणारा एक जंतू शोधावा. एशेरिख ह्याने तो १८८५ साली ओळखला होता. हा जंतू पाण्यात सापडला, तर पाण्याला विष्ठेचा संपर्क झाला असे समजावे. मग रोग आज ना उद्या येणारच. आपल्याकडच्या प्रयोगशाळा आजही हीच तपासणी करतात.

गाळणे पुरत नाही असे कळल्यावर क्लोरीन आले. अमेरिकेत जर्सी सिटी येथे डॉ. जॉन लील ह्यांनी १९०८ साली शहराच्या पाण्यात क्लोरीनची भुकटी सोडावयास आरंभ केला, तो कोणाची परवानगी न घेता. खटला झाला, आणि न्यायालयाने क्लोरीन योग्य ठरवले. त्या भुकटीला आपल्या खेड्यापाड्यांत ‘टीसीएल’ म्हणतात. ताज्या भुकटीत शेकडा ३३ च्या आसपास क्लोरीन असते, पण पोते उघडे राहिले, दमट कोपऱ्यात पडले, की त्याचा जीव उडून जातो. उरतो पांढरा चुना. टाकीत भुकटी टाकल्याची नोंद वहीत असते आणि पाण्यात क्लोरीनचा मागमूस नसतो, ह्याचे रहस्य पुष्कळदा त्या पोत्यात सापडते.

म्हणून खरी पारख टाकीपाशी न करता शेवटच्या तोटीपाशी करावयाची असते. क्लोरीन घातल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्यावा, मग गावाच्या टोकाच्या घरचा नळ उघडून नळीत थोडे पाणी घ्यावे व ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकावेत. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. जंतूंशी झुंजून उरले आहे. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरावयास हवे. पाणी पांढरेच राहिले तर वाटेत कोठेतरी घाण शिरली, अथवा क्लोरीन घातलेच नाही. गावागावांतील आरोग्यसेवक ह्यास ‘ओटी टेस्ट’ म्हणतात. एका पिवळ्या रंगात, कॉखच्या बशीपेक्षा लवकर आणि फुकटच्या भावात, निम्मे उत्तर मिळते.

निम्मे म्हणावयाचे कारण दिल्ली. १९५५ च्या नोव्हेंबरात यमुनेचा प्रवाह बदलला, नजफगढ नाल्याची घाण वझीराबादच्या पाणी घेण्याच्या ठिकाणी येऊन भिडली. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवले. विषमज्वर, हगवण ह्यांची साथ उठली नाही. म्हणजे जंतू मेले होते. परंतु डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,००० दिल्लीकर काविळीने पिवळे झाले. जंतूंहून पुष्कळच बारीक असा एक विषाणू त्या क्लोरीनमधून सुटून गेला होता. त्याची ओळख पटावयास पुढे कित्येक वर्षे लागली, आणि त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांचा मोठा वाटा आहे. त्यास आज ‘हेपॅटायटिस ई’ म्हणतात.

मराठवाड्यात ह्या गोष्टीला आणखी एक पीळ पडतो, तो टंचाईचा. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव हापसे बसले. जालना व सोलापूर येथे घडलेल्या हापशांतूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा सगळ्या देशाचा हापसा निघाला. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्यासाठी वाघिणी आधी राजस्थानात कोटा येथे धुऊन काढल्या होत्या. पाणी जिथे चार-आठ दिवसांनी येते तिथे ते किती आले हे सगळे विचारतात, कसे आले हे विचारावयास कोणाला उसंत नसते. आणि धोका नेमका तिथेच असतो. नळात पाण्याचा दाब असेतो फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते. दाब गेला, की त्याच सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. तोटीला मोटार लावून पाणी खेचणारे लोक तर ते हाताने आत ओढतात. हुबळी-धारवाड येथे ह्याची तपासणी झाली तेव्हा अखंड पाणी असलेल्या भागात विष्ठेचा जंतू शंभरात एखाद्या नमुन्यातही क्वचितच आढळला. अधूनमधून पाणी येणाऱ्या भागात जवळजवळ तिसऱ्या हिश्शात.

पुण्यासारख्या, खडकवासल्याच्या कुशीतल्या शहरालाही हे चुकले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी इकडे हातपाय लुळे करणाऱ्या ‘गिलाँ-बारे’ विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. राज्यात आकडा दोनशेच्या घरात गेला. काही रुग्णांच्या तपासणीत पोटाचा विकार करणारा ‘कॅम्पिलोबॅक्टर’ सापडला आणि संशय त्या भागाच्या पाण्यावर, विशेषतः एका मोठ्या विहिरीवर गेला. मग घरोघरच्या नळाचे क्लोरीन तपासणे सुरू झाले. माणसे आजारी पडल्यावर.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या व्यवस्थेप्रमाणे लाल, पिवळे अथवा हिरवे कार्ड मिळते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी होते. पद्धत चांगली आहे. पण दोन तपासण्यांच्या मध्ये सहा महिने असतात, आणि नळाचा सांधा एका रात्रीत फुटतो. सास्तूरसारख्या नव्या वसलेल्या गावात जुन्या विहिरीचा स्वभाव सांगणारी म्हातारी आता भेटणार नाही. ओटीचे थेंब मात्र आरोग्यसेवकाच्या पिशवीत असतात. तो आला, की ग्रामपंचायतीच्या टाकीशेजारची तोटी त्यास दाखवू नये; गावाच्या अगदी टोकाच्या, उताराच्या शेवटच्या घरी न्यावे, आणि नळीतले पाणी पिवळे होईतो तिथेच उभे राहावे.