हाड पोखरण्याचा हुकूम कोणाचा?



हाड म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक टणक, निर्जीव वस्तु उभी राहते. देह गेल्यावरहि जें मागें उरतें तें हाड. तेव्हां देह असतांना त्यांत कांहीं घडामोड चालत असेल, असें सहसा मनांत येत नाहीं. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. आपलें हाड रोज थोडें पोखरलें जातें व रोज थोडें भरून निघतें. दोहोंचें माप जुळलें तर मनुष्य ताठ चालतो. पोखरणें वरचढ झालें कीं उतारवयांत पाठीला पोक येतें आणि न्हाणीघरांत पाय घसरण्याचें निमित्त होऊन खुब्याचें हाड मोडतें. हें पोखरण्याचें काम कोण करतें व त्याला हुकूम कोणाचा, हें उमगावयास अडीचशेंहून अधिक वर्षें लागलीं.

या कथेचा आरंभ जेवणाच्या ताटांत आहे. १७३६ सालीं लंडनमधील जॉन बेल्शियर या शस्त्रवैद्यास, चिटें छापणाऱ्या एका गृहस्थाच्या घरीं, डुकराच्या मांसांतील हाडें तांबडीं आढळलीं. मंजिष्ठाच्या रंगांत भिजलेला कोंडा त्या डुकरांना खाऊं घालीत असत. रंग हाडांत उतरतो, त्या अर्थीं हाडांत नवी भर पडते. पुढें त्याच शतकांत जॉन हंटर यानें असल्याच प्रयोगांनीं दाखविलें कीं, हाड वाढतांना एका अंगानें भर पडते, तर दुसऱ्या अंगानें जुनें हाड नाहींसें होतें.

तें नाहींसें करणारा कोण? १८७३ सालीं जर्मनीतील अल्बर्ट क्योलिकर यांनीं त्याला पकडलें. हाड जेथें झिजतें, तेथें अनेक केंद्रें असलेल्या राक्षसी पेशी चिकटून बसलेल्या त्यांना सूक्ष्मदर्शकांतून दिसल्या. यांसच अस्थिभंजक पेशी म्हणतात. आम्ल सोडून त्या हाडांतील चुना विरघळवितात.

काम करणारा सांपडला. हुकूम देणारा राहिला. १९२५ सालीं कॅनडांत जेम्स कॉलिप यांनीं गळ्यांतील परावटु ग्रंथींचा प्रभावी अर्क काढला. त्याच वर्षीं व्हिएन्ना येथें फेलिक्स मांडल यांनीं, हाडें ठिसूळ होऊन अंथरुणास खिळलेल्या एका ट्रामवरील नोकराच्या गळ्यांतून या ग्रंथीची गांठ काढली. त्याच्या वेदना शमल्या व तो पुन्हां चालूं लागला. तथापि कांहीं वर्षांनीं दुखणें उलटलें. हा स्राव रक्तांत वाढला कीं हाड झिजतें, एवढें निश्चित झालें. मग तो स्राव अस्थिभंजक पेशींनाच हुकूम देत असला पाहिजे, असें कोणालाहि वाटेल.

परंतु येथेंच गंमत झाली. पेशींवर संदेश झेलणारे रेणु असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही हें कुलूप, संदेश ही किल्ली. परावटुस्रावाचें कुलूप शोधूं जातां तें हाड मोडणाऱ्या पेशींवर नव्हे, तर हाड बांधणाऱ्या पेशींवर सांपडलें! वाड्याचा मालक भिंत पाडण्याची चिठ्ठी पाडणाऱ्याला न देतां गवंड्याला देतो, तसाच हा प्रकार. १९८१ सालीं रोडन व मार्टिन या शास्त्रज्ञांनीं यावरून अनुमान बांधलें कीं, गवंडीच पुढें पाडणाऱ्याला इशारा देत असावा. जपानांत सुदा यांच्या मंडळींनीं १९८८ सालीं दाखविलें कीं, बांधणाऱ्या पेशींचा सहवास मिळाला तरच रक्तजनक पेशींतून अस्थिभंजक तयार होतात.

तो इशारा सांपडला, तो मात्र उलट्या वाटेनें. १९९७ सालीं कॅलिफोर्नियांतील एका औषधी कंपनीला आणि जपानांतील एका दुग्धव्यवसायी कंपनीला, एकमेकींपासून स्वतंत्रपणें, हाडाचें रक्षण करणारें एकच प्रथिन सांपडलें. त्याला 'ऑस्टिओप्रोटेजेरिन' हें नांव पडलें. हा रक्षक कोणाला अडवितो, हें पाहतां १९९८ सालीं खरी किल्ली हातीं आली: 'रँक-लायगंड'. बांधणारी पेशी ती पुढें करते; अस्थिभंजकाच्या पूर्वज पेशीवर 'रँक' नांवाचें कुलूप असतें; किल्ली फिरली कीं पोखरणारा तयार होतो. रक्षक प्रथिन हें खोटें कुलूप होय. किल्ली तें आपल्यांतच अडकवून ठेवतें. स्त्रियांचा ऋतु थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतें, किल्ल्यांचें बळ वाढतें आणि हाडें झपाट्यानें झिजूं लागतात.

मग किल्लीच नष्ट केली तर? १९९९ सालीं तशा उंदरांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांचीं हाडें दगडासारखीं भरीव झालीं, पण दांत हिरड्यांतून वर येईनात. पाडणें हेंहि बांधण्याचेंच अंग आहे, तें असें.

म्हणून उपाय मापाचाच हवा. रँक-लायगंडला अडविणारें 'डेनोसुमॅब' हें औषध २०१० सालीं अमेरिकेंत मान्य झालें. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत साठ वर्षांवरील ७,८६८ स्त्रियांनीं भाग घेतला. औषध घेणाऱ्यांत तीन वर्षांत मणक्यांचे नवे अस्थिभंग ६८ टक्क्यांनीं कमी झाले. सुई सहा महिन्यांतून एकदां टोंचावयाची. परंतु ती मध्येंच सोडली तर अडवून ठेवलेलें पोखरणें दुप्पट जोरानें उसळतें आणि कित्येकांचे अनेक मणके पाठोपाठ मोडतात.

तेव्हां ज्यांच्या घरीं आईला किंवा आजीला ही सुई चालू असेल, त्यांनीं पुढची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत ठळक लिहून ठेवावी. आणि 'आतां बरें वाटतें' म्हणून, वैद्यास विचारल्याविना, ती टाळूं नये.