प्रॉम्प्ट (शेलचा)

शेल पुढची आज्ञा घ्यायला तयार आहे हे सांगणारा, कर्सरच्या डावीकडचा मजकूर. तो ‘पीएस१’ या व्हेरिएबलमध्ये साठवलेला असतो. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर १९७९ साली आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलमध्ये साध्या वापरकर्त्याला डॉलरचे चिन्ह आणि सर्वाधिकारी ‘रूट’ला हॅश दिसे. ही खूण आजही टिकून आहे. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेल्या बॅशमध्ये (१९८९) बॅकस्लॅशपुढे ‘यू’ लिहिले की वापरकर्त्याचे नाव उमटते, ‘एच’ने यंत्राचे, ‘डब्ल्यू’ने चालू डिरेक्टरीचे आणि ‘टी’ने वेळ.

घरच्या संगणकावर प्रॉम्प्ट असा बदलणे ही हौस ठरते, सर्व्हरवर मात्र गरज. भिवंडीतल्या काल्हेर, राहनाळ, मानकोलीकडच्या गोदामसंकुलांत एकसारखे गाळे शटरवरच्या नंबरावरूनच ओळखता येतात. एकाच वेळी चार सर्व्हरच्या खिडक्या उघडून बसणाऱ्याला तेच काम प्रॉम्प्ट करून देतो. गिटलॅब कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. त्यानंतर ठरवलेल्या सुधारणांत सर्व सर्व्हरचा ‘पीएस१’ बदलून यंत्रे स्पष्ट वेगळी दिसतील असे करणे, हेही एक काम होते. खऱ्या कामाच्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट लाल आणि चाचणीच्या सर्व्हरचा हिरवा ठेवण्याची पद्धत त्याच कारणाने चांगली. रंगाचे संकेत ‘बॅकस्लॅश-चौकटी कंसां’च्या जोडीत बंद केले नाहीत, तर बॅश ओळीची लांबी चुकीची मोजते आणि लांब आज्ञा स्वतःवरच चढते. देवनागरी प्रॉम्प्टची अडचणही याच जातीची: काना-वेलांटीला किती जागा लागते याबद्दल शेल आणि टर्मिनल यांचे एकमत होईलच असे नाही.

वेळेचा घोळ वेगळा. बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भिवंडीत दुपारी दोनला गाडी भरली जाते, तेव्हा प्रॉम्प्टवर साडेआठ दिसतात. आपल्या खात्यापुरती ‘एशिया/कोलकाता’ वेळ लावता येते, पण मग लॉगमधल्या वेळांशी मेळ बसत नाही. त्यापेक्षा सर्व्हरची वेळ न बदलणेच बरे.

प्रॉम्प्टमधले हे बदल वापरकर्त्याच्या ‘होम’ डिरेक्टरीतल्या ‘.बॅशआरसी’ फाइलमध्ये लिहितात. दुरून लॉगिन केल्यावर बॅश आधी ‘.बॅश_प्रोफाइल’ वाचते; तिने ‘.बॅशआरसी’ला बोलावले नसेल, तर बदल दिसत नाहीत आणि नवखा गोंधळतो. ‘.बॅशआरसी’मध्ये स्वागताचा मजकूर छापणे टाळावे, त्याने ‘एससीपी’ने फाइल पाठवणे बिघडू शकते. झी-शेल (१९९०) आणि फिश (२००५) यांच्या तयार थीम देखण्या असतात, पण त्यांतल्या काही दर आज्ञेनंतर गिटची स्थिती तपासतात आणि मोठ्या प्रकल्पात रेंगाळतात. सर्व्हरसाठी वापरकर्ता, यंत्राचे नाव, डिरेक्टरी आणि एक रंग एवढे पुरे.