चाकानंतरची काच : आयपॉड टचचा कालखंड

१० मे २०२२ रोजी अ‍ॅपल कंपनीने एक संक्षिप्त निवेदन प्रसिद्ध करून, शिल्लक साठा संपेपर्यंतच आयपॉड टचची विक्री चालू राहील असे जाहीर केले, आणि २३ ऑक्टोबर २००१ रोजी पाच गिगाबाइटांच्या लहानशा डिस्कवर हजार गाणी साठविणाऱ्या यंत्रापासून सुरू झालेल्या आयपॉडच्या वंशातील ही अखेरची शाखाही खुंटली. ज्याने या वंशाला कीर्ती मिळवून दिली ते अंगठ्याने फिरवायचे चाक या शेवटच्या वारसाकडे मुळीच नव्हते. त्याच्या जागी होती केवळ काच.

या काचेचे मर्म समजण्यासाठी २००७ सालची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. त्या वर्षीच्या २९ जूनला अमेरिकेत आयफोनची विक्री सुरू झाली खरी; पण तो विकत घेणाऱ्यास एटी अँड टी कंपनीशी दोन वर्षांच्या मुदतीचा करार करावा लागे आणि दरमहा आकार भरावा लागे, त्यामुळे अल्पवयीन मुले, विद्यार्थी आणि ज्यांना असल्या बंधनात पडावयाचे नव्हते असे पुष्कळ लोक त्या नवलाईपासून दूरच राहिले. ५ सप्टेंबर रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्स यांनी जे यंत्र लोकांपुढे ठेवले, त्यात तीच साडेतीन इंची स्पर्शपटलाची काच होती, इंटरनेट पाहण्याची तीच सोय होती, आणि करारनामा मात्र नव्हता. आठ गिगाबाइटांसाठी २९९ डॉलर आणि सोळांसाठी ३९९ डॉलर एकदा मोजले की मामला संपला.

ते पहिले यंत्र हाती घेऊन पाहिले असता त्याची घडण मोठी वेधक वाटते. जाडी अवघी आठ मिलिमीटर, पाठ आरशासारख्या चकचकीत पोलादाची (तिच्यावर ओरखडे फार लवकर उमटत), आणि त्या पाठीच्या एका कोपऱ्यात काळ्या प्लास्टिकचा छोटा तुकडा, कारण वायफायच्या लहरींना धातूच्या आवरणातून वाट मिळत नाही. कॅमेरा नाही, ध्वनिक्षेपक नाही, आणि आवाज कमीअधिक करण्याची स्वतंत्र कळही नाही. पडदा बंद असता आवाज बदलायचा, तर समोरची एकमेव कळ दोनदा दाबून काचेवर नियंत्रणे आणावी लागत. परंतु गाणे चालू असताना तेच यंत्र आडवे धरले, की आतील संवेदक ते ओळखी, आणि संग्रहातील सर्व ध्वनिमुद्रणांची मुखपृष्ठे ओळीने उभी राहून बोटाच्या स्पर्शासरशी सरकू लागत. श्रोत्याला आपला संग्रह पुन्हा डोळ्यांनी पाहता येऊ लागला, हा माझ्या मते या यंत्राचा सर्वांत सुंदर गुण होय.

जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडले आणि संगीतयंत्राचे रूपांतर खिशातल्या संगणकात झाले. आयफोनधारकांना जी नवी प्रणाली विनामूल्य मिळाली, तिच्यासाठी टचच्या मालकांकडून मात्र ९.९५ डॉलर वसूल करण्यात आले. जमाखर्चाच्या नियमांचे कारण कंपनीने पुढे केले. आयफोनचे उत्पन्न ती दोन वर्षांत विभागून दाखवी, आयपॉडचे एकदम. कारण कायदेशीर असेल, पण ज्या ग्राहकाने पूर्ण किंमत रोख मोजली त्यालाच पुन्हा भुर्दंड बसावा, हे न्याय्य नव्हते, आणि २०१० साली आयओएस ४ पासून ही वसुली थांबली हे योग्यच झाले.

त्याच २०१० सालची चौथी आवृत्ती हा या यंत्राचा परमोत्कर्ष. ९६० गुणिले ६४० बिंदूंचे पटल, पुढे व मागे कॅमेरे, आणि वायफायवरून समोरासमोर संभाषण करण्याची सोय, इतके सारे दूरध्वनीच्या मासिक देयकाविना मिळू लागले. असंख्य मुलांच्या हाती आलेला पहिला संगणक हाच. पुढे २०१२ मध्ये पटल चार इंचांचे झाले, २०१५ आणि २०१९ मध्ये प्रक्रियक बदलले. परंतु तोवर स्मार्टफोन घरोघरी पोहोचले होते, गाणी विकत घेऊन साठविण्याची वहिवाट मागे पडून ती इंटरनेटवरून ऐकण्याचा प्रघात रूढ झाला होता, आणि टचच्या अस्तित्वाचे प्रयोजनच क्षीण होत गेले.

फोनची सोय वगळलेला आयफोन, अशी त्याची संभावना अनेकांनी केली. ती मला मान्य नाही. गाणे ऐकत असता मध्येच कोणाचा दूरध्वनी येऊन ते तोडणार नाही, ही या यंत्रातील उणीव नसून त्याची प्रतिष्ठा होती, आणि आजच्या कोणत्याही स्मार्टफोनला ती सहजी लाभत नाही. सातव्या आणि शेवटच्या आवृत्तीला आयओएस १५ च्या पुढील प्रणाली मिळाली नाही. तरी तीत साठविलेले संगीत ऐकण्यास इंटरनेटही लागत नाही आणि नवी प्रणालीही लागत नाही. ज्यांच्या कपाटात असे एखादे यंत्र पडून असेल, त्यांनी ते भंगारात देऊ नये; अधूनमधून चार्ज करावे, आणि त्यावर गाणी ऐकावीत.