ताप येण्याआधीचे सहा दिवस

ऑक्टोबर १९८९. गांबियात पाऊस नुकता ओसरलाय, म्हणजे हिवतापाचा हंगाम ऐन भरात. बांजूलच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात तुम्ही उभे आहात. समोरच्या पोराला झटके येऊन गेलेत. आई हाका मारतेय, ते डोळे उघडत नाही. पलीकडच्याच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक.

त्यांच्याच गल्लीतली काही पोरं मात्र दोन दिवस कण्हली आणि पुन्हा फुटबॉल खेळायला लागली. डास तेच, परोपजीवीही तोच, फाल्सिपेरम. मग फरक कशाचा? तो शोधायला संशोधक एड्रियन हिल आणि त्यांचे सहकारी दोन्ही प्रकारच्या मुलांचं रक्त तपासताहेत.

तुम्ही आणखी दोन आठवडे मागे चला, डास चावला त्या रात्री. आणि अंग चोरून घ्या, कारण यकृताच्या एका पेशीत शिरायचंय.

परोपजीवी तुमच्या आधीच पोचलाय. इथे तो सहा-सात दिवस तळ ठोकणार. बाहेर मूल हसतंय, जेवतंय, अंग गार आहे. आत एकाचे हजारो होताहेत. पण आत बनलेल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून दाखवायची पेशीला सवय असते. ते मांडणारे रेणू म्हणजे एचएलए, आणि त्यांचे साचे माणसागणिक वेगळे. या मुलाकडे बी५३ नावाचा साचा आहे. परोपजीवीच्या एका प्रथिनाचा तुकडा त्यात नेमका बसतो. जवळून सरकणारी रोगप्रतिकारक टी पेशी थबकते, तुकडा ओळखते आणि आतल्या शत्रूसकट ती पेशीच मारून टाकते.

हे सगळं आठवड्याभरातच व्हायला हवं. पेशी फुटून परोपजीवी तांबड्या पेशींत घुसले की टी पेशीला ते दिसेनासे होतात. तांबड्या पेशींवर असले एचएलए जवळजवळ नसतातच.

आता १९९१. हिल यांचा निबंध 'नेचर'मध्ये आलाय: बी५३ असेल तर गंभीर हिवतापाचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी. गांबियात हा साचा साधारण चौघांतल्या एकाकडे, युरोपात क्वचितच. अर्थात मघाच्या वॉर्डात बी५३ असलेली मुलंही होतीच. पुढच्या मोठ्या अभ्यासांत पहिल्या रांगेत दिसतात ते सिकलसेल (आपल्या गडचिरोली-नंदुरबारला चांगलाच ओळखीचा) आणि रक्तगट. बी५३ मागे पडतो. तरी मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण परोपजीवीला गाठायची जागा त्यानं दाखवली.

जुलै २०२४, आयव्हरी कोस्ट. एका बाळाला हिवतापाची आर२१ लस टोचली जातेय. ती घडवणाऱ्या ऑक्सफर्डच्या गटाचे प्रमुख हिलच, आणि कुपी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधली. ही लस यकृतापर्यंतही थांबत नाही. डासाकडून आलेल्या परोपजीवीला वाटेतच धरणारी प्रतिपिंडं ती तयार करते. बाळाचा साचा कुठला, हे नर्स विचारत नाही. तीन डोस, मग वर्षानं चौथा.