पेशींतील रस्सीखेच

एका पेशीच्या दोन पेशी होतांना रंगसूत्रें दोन बाजूंस वांटलीं जातात, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु त्यांस ओढून नेणारें बळ कोणतें, ह्या प्रश्नाचा इतिहास आम्हांस अधिक मनोरंजक वाटतो.

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग ह्यांनीं १८८२ सालच्या आपल्या ग्रंथांत हें विभाजन मोठ्या बारकाईनें रेखाटलें. सूत चातीवर गुंडाळावें तसा, मध्यें फुगीर व टोकांस निमुळता, असा तंतूंचा जुडगा रंगसूत्रांपाशीं दिसे. आतां दोऱ्या दिसल्या म्हणजे ओढणें आलेंच! पण पुढें शंका निघाली. हे तंतू स्पष्ट दिसत ते औषधानें मारून रंगविलेल्या पेशींत. जिवंत पेशींत ते बहुधा दिसत नसत. दुधांत आंबट पडलें म्हणजे गुठळ्या होतात, म्हणून त्या दुधांत आधींपासूनच होत्या असें कोणी म्हणत नाहीं. हा आक्षेप पोरकट नव्हता, व तो कित्येक दशकें टिकला. अखेर १९५३ सालीं शिन्या इनोउए ह्यांनीं ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकानें जिवंत पेशींतच ते तंतू दाखविले.

तंतू खरे ठरले. बळ मोजावयाचें राहिलें. तें अमेरिकेंतील ब्रूस निक्लस ह्यांनीं मोजलें. नाकतोड्याच्या जिवंत पेशींतील रंगसूत्र त्यांनीं अतिशय बारीक कांचेच्या सुईनें अडवून धरलें, आणि सुई किती वांकली त्यावरून हिशेब केला. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेला आंकडा असा: एका डाइनचे लाख भाग केल्यास त्यांपैकीं सुमारें सात. हें अल्पच खरें. तथापि रंगसूत्र नेहमींच्या संथ गतीनें सरकविण्यास जें बळ पुरेसें, त्याच्या हें जवळजवळ दहा हजारपट आहे.

एवढें बळ कशास? रंगसूत्राच्या जोडीस दोन्हीं टोकांकडून ओढ लागली तरच वांटणी बरोबर होते. एरव्हीं एका पेशींत एक जास्त, दुसरींत एक कमी. ही ओढ पेशी ओळखते काय? निक्लस व त्यांचे सहकारी ली ह्यांनीं प्रार्थनाकीटकाच्या पेशींत ह्याची परीक्षा घेतली. एखादें रंगसूत्र जोडीवांचून राहिलें तर त्यास एकाच बाजूची ओढ मिळते, आणि पेशी तासन्‌तास थांबून राहते. १९९५ सालीं त्यांनीं अशा एकट्या रंगसूत्रास सुईनें उलट दिशेस ताण दिला. जोडी कांहीं जुळली नव्हती. ताण मात्र खरा होता. पेशीनें तो मानला, व विभाजन सुरू केलें.