वंध्यत्वचिकित्सा, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि गावापासूनचे अंतर

लग्नाला चार-पाच वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की आपल्याकडे प्रथम सुनेकडे बोट दाखवले जाते. आधी नवससायास, मग गंडेदोरे आणि त्यानंतर तालुक्याचा डॉक्टर असा क्रम ठरलेला असतो. नवऱ्याची तपासणी बहुधा राहूनच जाते. वास्तविक, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष हे पूर्णतः वा अंशतः कारण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. हे प्रमाण श्रीमंत देशांत १७.८ टक्के, तर कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १६.५ टक्के आहे. व्याधी सर्वत्र जवळपास सारखीच आहे. उपचारांची उपलब्धता मात्र सारखी नाही. ही दरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कमी होईल काय, हा सध्या जगभर चर्चिला जाणारा प्रश्न आहे.

अंतराचा खर्च

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीचे उदाहरण घेऊ. ऊस आणि कापूस पिकवणाऱ्या या भागातील जोडप्याला विशेष उपचारांसाठी जालना आणि पुढे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. 'टेस्ट ट्यूब बेबी' या नावाने परिचित असलेल्या उपचारात दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी करावी लागते. त्यानंतर स्त्रीबीजे काढणे, प्रयोगशाळेत त्यांचे फलन घडवणे आणि तीन ते पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडणे हे टप्पे येतात. खासगी केंद्रांत एका प्रयत्नाचा खर्च लाखाच्या घरात जातो आणि त्यात यशाची हमी नसते. शिवाय प्रत्येक खेपेला प्रवासखर्च होतो आणि दोघांचा रोजगार बुडतो. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे सरकू लागले, की यशाची शक्यताही घटते. म्हणजे निदानास लागलेला उशीर पुढे पैसा टाकूनही भरून निघत नाही.

मुंबईपासूनची वाटचाल

या शास्त्रात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले असे बाळ जन्माला आले, परंतु त्यांना हयातीत मान्यता मिळाली नाही. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी केईएम रुग्णालय व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजननविषयक संशोधन संस्था यांच्या सहकार्यातून केलेला प्रयोग ६ ऑगस्ट १९८६ रोजी यशस्वी झाला. हे सारे सार्वजनिक संस्थांत घडले होते. पुढे मात्र ही चिकित्सा प्रामुख्याने खासगी क्षेत्रात वाढली. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ मध्ये मोफत टेस्ट ट्यूब उपचारांचा उपक्रम हाती घेतला आणि मुंबईच्या कामा रुग्णालयात २०२४ मध्ये शासकीय केंद्र सुरू झाले. पण मराठवाड्यातील गावांपासून ही दोन्ही ठिकाणे दूर आहेत.

यंत्र काय करते?

कृत्रिम बुद्धिमत्ता येथे मुख्यतः चित्रे वाचण्याचे काम करते. हजारो छायाचित्रे आणि त्यांचे ज्ञात निष्कर्ष दाखवून संगणकाला शिकवले जाते. मग तो नव्या चित्राविषयी अंदाज देतो. त्याचा उपयोग तीन पातळ्यांवर होतो.

पहिली पातळी वीर्यतपासणीची. शुक्राणूंची संख्या आणि हालचाल मोजण्यास सूक्ष्मदर्शक व निष्णात तंत्रज्ञ लागतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ मध्ये स्मार्टफोनला जोडता येणारे एक उपकरण सादर केले. त्याच्या साहित्याचा खर्च पाच डॉलरहून कमी होता आणि अचूकता सुमारे ९८ टक्के आढळली.

दुसरी पातळी सोनोग्राफीची. स्त्रीबीजकोशांची वाढ आपोआप मोजण्याची सोय झाल्यास तज्ज्ञाने प्रत्येक वेळी समक्ष हजर असण्याची गरज कमी होऊ शकते. मात्र येथे कायद्याची बाजू लक्षात घ्यावी लागते. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात प्रथम १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे आणि हातात मावणाऱ्या फिरत्या यंत्रांवर कडक निर्बंध आहेत. मुलींच्या जन्मावर गदा आणणाऱ्या गैरवापरामुळेच हे निर्बंध आले असल्याने ते शिथिल करणे सोपे नाही व योग्यही नाही.

तिसरी पातळी प्रयोगशाळेची. अनेक गर्भांतून कोणता सोडावा, हे ठरवण्यास संगणक मदत करतो. २०२५ मध्ये याहून पुढचे पाऊल पडले. मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे ठेवलेल्या यंत्राद्वारे, सुमारे ३,७०० किलोमीटरवरील न्यूयॉर्क राज्यातूनही सूत्रे हलवून, स्त्रीबीजात शुक्राणू सोडण्यात आला आणि त्यातून बाळ जन्मल्याचे जाहीर झाले.

दावे आणि पुरावे

तथापि जाहिराती आणि पुरावे यांत फरक आहे. ऑस्ट्रेलिया व युरोपातील १४ केंद्रांत १,०६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकाने निवडलेल्या गर्भांतून गर्भधारणेचे प्रमाण ४६.५ टक्के, तर गर्भतज्ज्ञांनी निवडलेल्यांतून ४८.२ टक्के होते. संगणकाची निवड तज्ज्ञांच्या तोडीची असल्याचे या चाचणीतून सिद्ध होऊ शकले नाही. निवडीस लागणारा वेळ मात्र सुमारे दहा पटींनी घटला. म्हणजे लाभ तज्ज्ञाचा वेळ वाचण्यात आहे. त्यातून रुग्णाचे शुल्क कमी झाले, तरच तो सामान्यांपर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.

यंत्र ज्या लोकसमूहाच्या चित्रांवर शिकले, त्याहून वेगळ्या समूहात ते चुकू शकते, हाही धोका आहे. उदाहरणार्थ, जननेंद्रियांच्या क्षयामुळे गर्भनलिका बंद होणे हे आपल्याकडील वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे. श्रीमंत देशांत ते क्वचित आढळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली असून रुग्णाची संमती आणि माहितीची गोपनीयता यांवर त्यांत भर आहे.

पहिली पायरी जवळ यावी

सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ मध्ये संमत झाला व जानेवारी २०२२ पासून अमलात आला. केंद्राची नोंदणी त्यानुसार सक्तीची आहे. उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेत असावे लागते. जोडप्याने केंद्राची नोंदणी तपासावी, खर्चाचा लेखी तपशील घ्यावा आणि 'संगणकीय निवडी'साठी वेगळे शुल्क आकारले जात असल्यास त्याचा पुरावा विचारावा.

तीर्थपुरीसारख्या गावाला गर्भनिवडीच्या महागड्या यंत्राची तातडीने गरज नाही. ग्रामीण रुग्णालयात विश्वासार्ह वीर्यतपासणी, क्षयाची चाचणी आणि योग्य ठिकाणी वेळेत पाठवणी एवढे झाले, तरी अनेकांची उमेदीची वर्षे वाचतील. जालन्यात २०२४ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी ही साखळी जोडता येण्यासारखी आहे. नवऱ्याची तपासणी गावाजवळ, स्वस्तात आणि गुप्तता राखून होऊ लागली, तर वांझपणाचा शिक्का एकट्या सुनेच्या कपाळी मारणेही अवघड होईल. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पहिली अपेक्षा हीच ठेवावी.